दोन बोटं झाकण

कोणी विचारलं तर मी 'बॅगांच्या कंपनीत आहे' एवढंच सांगायचे. ते खोटं नव्हतं. एका लग्नात माझ्या साताऱ्याच्या आत्यानं सगळ्यांसमोर फर्माईश केली, "मग मला एक डब्याची पिशवी आण की गं, चेन तेवढी चांगली बघ." मी मान हलवली. ती पिशवी मी कधीच आणली नाही, कारण आमच्याकडे जे शिवलं जायचं त्यात डबा मावत नसे. त्यात ग्रेनेड मावायचा. एका पाऊचमध्ये एक.

महाप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात मी पाच वर्षं होते. आम्ही पोलिसांच्या आणि सशस्त्र दलांच्या तुकड्यांसाठी कमरेचे पट्टे, काडतुसांचे कप्पे आणि ग्रेनेडचे पाऊच शिवायचो. माझं पद 'क्वालिटी एक्झिक्युटिव्ह' होतं. म्हणजे नमुने तपासायचे, त्यांना टॅग लावायचे, आणि सरकारी टेंडरची इंग्रजी कागदपत्रं लिहायची. हे शेवटचं काम नेमणुकीच्या पत्रात कुठेच नव्हतं. पण त्यासाठीच मला घेतलं होतं, हे मला बऱ्याच उशिरा समजलं.

माझे पप्पा तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. आम्ही जुईनगरला राहतो. पोती वाहून त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं, आणि त्या शाळेनं मला दोन गोष्टी शिकवल्या: इंग्रजी नीट लिहायचं, आणि मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. दुसरी गोष्ट मी जरा जास्तच मनावर घेतली.

आधी हे पाऊच प्रकरण काय असतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

ग्रेनेड खाली पडला म्हणून फुटत नाही. त्याच्या डोक्याशी एक पिन असते, पिनेला एक कडी असते, आणि अंगाला चिकटून एक वाकडी पट्टी असते, तिला लिव्हर म्हणतात. पिन जागेवर आहे तोवर लिव्हर हलत नाही आणि लिव्हर हलत नाही तोवर तो नुसता लोखंडाचा गोळा. सगळी भीती त्या कडीची. चालताना, सरपटताना, गाडीतून उडी मारताना ती फांदीत अडकली, रायफलच्या पट्ट्यात अडकली, शेजारच्याच्या बोटात अडकली, तर? त्यामुळे पाऊचचं काम ग्रेनेड सांभाळणं कमी आणि कडी झाकणं जास्त.

निवडायला येणारे लोक आधी कापड चोळून बघायचे, मग रंग. मी हळूच डमी पुढे करायचे. डमी म्हणजे खऱ्या मापाचा, खऱ्या वजनाचा, आत काही नसलेला ग्रेनेड. तो आत घाला, पाऊच उलटा धरा आणि हलवा. आतून खडखड आली तर तो पाऊच बाजूला ठेवा, कापड कितीही भारी असो. ओझं हलायला लागलं की माणूस पडतो, वजनानं पडत नाही, हे पप्पांचं वाक्य मी इंग्रजीत करून तपासणीच्या फॉर्ममध्ये घातलं होतं. मग झाकण लावा आणि कडी कुठून दिसते का ते चारी बाजूंनी बघा. मग डाव्या हातानं, हातमोजा घालून, न बघता उघडा. नुसत्या वेल्क्रोचं झाकण उघडताना टर्र आवाज येतो आणि त्यात वाळलेलं गवत भरलं की ते धरत नाही. टिच बटण आवाज करत नाही, पण आपल्या खाडीच्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतं. प्लास्टिकचं बकल चांगलं, पण स्वस्तातलं असेल तर थंडीत तडकतं. तळाला भोक पाहिजे, नाहीतर पाणी साठतं. एवढं बघून झालं की मग खुशाल कापड चोळा.

गिऱ्हाईक म्हणून सगळेच काही गणवेशातले नसत. एका सिनेमाच्या कलाविभागातला मुलगा आला होता, त्याला नेमका तो टर्र आवाज हवा होता. "मॅम, हीरो पाऊच उघडतो ना, तो साउंड ऑडियन्सला पोचला पाहिजे." उलव्याचा एक नवरदेव लग्नाआधीच्या फोटोंसाठी अख्खा पट्टा भाड्यानं मागायला आला. आणि आमच्या जुईनगरमधलेच एक काका चार पाऊच घेऊन गेले, क्रिकेटच्या चेंडूंसाठी. "एकदम फिट बसतात!" ते खूश होऊन सांगत होते. बसणारच. चेंडूला कडी नसते.

या सगळ्यात मी कोणाकडून शिकले असेन तर इब्राहिमचाचांकडून. ते आमचे कटिंग मास्टर. मूळचे श्रीवर्धनकडचे, कारखाना सुरू झाला तेव्हापासून तिथे. त्यांची एक मोठी पोलादी कात्री होती, स्वतःच्या पैशांनी घेतलेली, मुठीला जुनी चिंधी गुंडाळलेली. तिला कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे. नवीन असताना मी एकदा तिनं टॅगचा दोरा कापला, तर अख्ख्या मजल्यावर ऐकू जाईल असं ओरडले, "ए इंग्लिश मॅडम! ती कात्री हाय, नेलकटर नाय!" सगळे हसले. दुपारी त्यांनीच माझ्या टेबलावर एक लहान कात्री आणून ठेवली. "ही तुजी. आता माजीला बगायचं पन नाय."

मालक सबनीससर. ते आवाज चढवत नसत. सगळ्यांना नावानं हाक मारायचे, वाढदिवसाला केक आणायचे. त्यांच्याबद्दल वाईट लिहिणं अवघड आहे आणि मला ते अवघड जावं याची त्यांनी पुरेशी काळजी घेतली होती.

एका पोलिसदलाची मोठी ऑर्डर येणार होती. दलाचं नाव लिहीत नाही. त्यांच्याकडून नमुने वापरून बघायला हवालदार जगताप आले. ते माणदेशातले, पन्नाशीला आलेले, मिशी पांढरी. आमच्या कॉन्फरन्स रूममधल्या गुबगुबीत खुर्चीवर ते बसलेच नाहीत. "ताई, हितं बसून काय कळणार? जरा चिखल दावा."

मी आणि चाचा त्यांना सारसोळ्याच्या जेट्टीवर घेऊन गेलो. ओहोटी होती. जगतापांनी कमरेला पट्टा बांधला, पाच वेगवेगळ्या पाऊचमध्ये पाच डमी घातले आणि सरळ गुडघाभर चिखलात उतरले. वाकले, रांगले, कुशीवर पडले. जाळं निवडत बसलेली एक कोळीणमावशी हे सगळं बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"काय गो पोरी, याचं काय हारवलंय?"

"काही नाही मावशी, पिशव्या बघतोय. भिजल्यावर कशा राहतात ते."

"इकरं आन." तिनं एक पाऊच हातात घेतला, आतला रबरी पट्टा ताणून सोडला. "ह्यो रब्बर हाय ना, खाऱ्या पान्यान सरतं. येका सालान ढिलं होल. आमच्या जाल्याला बग, रब्बर हाय काय कुठं?"

"मावशे, जाळ्यात तू मासा पकडतेस," चाचा म्हणाले. "ह्यात काय पकडायचं ते कळलं तर पळशील."

"पलतंय कोन? पकरलेलं नीट पकरावं, मंग कायपन असूंदे."

रबरी पट्टा आम्ही काढला. त्या जागी चाचांनी कापडाचीच आवळ घडी दिली. आणि जगतापांनी चिखलानं माखलेल्या हातानं पाचांतला एक पाऊच वर धरला. त्याचं झाकण लांब होतं, कडीच्या खाली पुरती दोन बोटं उतरत होतं आणि टोक आतल्या खाचेत जात होतं. "ह्यो. ह्यो घालून मी पालथा झोपंन. बाकीचे र्‍हाऊ द्या."

ते लांब झाकण चाचांची कल्पना होती. टेंडरच्या नकाशात पाऊचची उंची, रुंदी, पट्ट्याची जाडी सगळं मिलिमीटरमध्ये होतं. झाकणापुढे मात्र एवढंच लिहिलं होतं की ते मंजूर नमुन्याप्रमाणे असावं.

या मंजूर नमुन्याची रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते. ऑर्डर पक्की होताना खरेदी करणारे अधिकारी एक नमुना निवडतात, त्याच्या दोऱ्यावर लाख वितळवून शिक्का मारतात आणि सह्या करतात. त्याला आम्ही सील सॅम्पल म्हणतो. त्यानंतर निघणारा प्रत्येक नग त्या नमुन्यासारखा हवा. कमी नाही आणि जास्तही नाही. नमुन्यापेक्षा चांगला नगसुद्धा नापास होतो, कारण तो नमुन्यासारखा नसतो. मला आधी हे विनोदी वाटायचं.

सील होण्याच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलावर दोन पाऊच होते. एक जगतापांनी निवडलेला. दुसरा चाचांनी नवीन ताग्याचं कापड सुईखाली कसं जातं ते बघायला उरलेल्या तुकड्यांतून शिवलेला. तुकडा अपुरा होता, म्हणून त्याचं झाकण दोन बोटं आखूड होतं. "ह्यो फेकायचा," असं ते सांगून गेले होते. मी नीटनेटकी मुलगी. फेकायच्या वस्तूलाही टॅग लावायची मला सवय. एका टॅगवर 'फायनल' लिहिलं, एकावर 'ट्रायल', आणि मग फोनवर कोणाशी तरी बोलता बोलता दोन्ही बांधले. रिकामे, चपटे पडलेले ते दोन पाऊच जुळ्या भावंडांसारखे दिसत होते. डमी आत असता तर आंधळ्यालाही फरक कळला असता.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये अधिकारी आले. सरांनी इंटरकॉमवर सांगितलं, "सायली, फायनल पाठव." मी 'फायनल'चा टॅग असलेला पाऊच पाठवला. दहा मिनिटांनी टेबल आवरताना राहिलेल्या पाऊचमध्ये सवयीनं डमी घातला आणि झाकण लावलं. ते कडीच्या खाली दोन बोटं उतरलं. टोक खाचेत गेलं.

मी तो पाऊच घेऊन धावले. केबिनचं दार काचेचं होतं. आत सरांसह सहा पुरुष होते, टेबलावर ढोकळा आणि काजू होते, आणि मेणबत्तीवर लाखेची कांडी धरलेली होती. दाराच्या फटीतून जळक्या लाखेचा वास येत होता. कोणीतरी काहीतरी विनोद केला होता आणि सगळे हसत होते. मी हात वर केला. काचेवर ठेवला. टकटक केली नाही. मला वाटलं, आत्ता कोणीतरी डमी मागेल. कडी दिसली की त्यांनाच कळेल. मग मला बोलावतील, मग मी सांगेन.

डमी कोणी मागितला नाही. लाख टपकली, शिक्का बसला. सहीसाठी त्यांनी पेन शोधलं, ते सापडायलाही थोडा वेळ लागला. तेवढा वेळसुद्धा मी तिथे उभी होते.

संध्याकाळी मी चाचांना सांगितलं की आखूड झाकणाचा नमुना सील झालाय. तो कसा गेला, ते सांगितलं नाही. चाचा बराच वेळ फळीवरचं कापड सारखं करत राहिले.

सरांनाही मी ईमेल लिहिलं. आता वाचलं की लाज वाटते, इतकं ते सभ्य होतं. 'सवडीनं एक लहानशी विसंगती आपल्या नजरेस आणून द्यावीशी वाटते,' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. दोन दिवसांनी जाता जाता सर म्हणाले, "वाचलं मी. सील झालंय ना? मग तोच आपला माल. नमुना बदला म्हटलं की टेंडर परत उघडतं. टेन्शन घेऊ नकोस."

चाचांनी टेन्शन घेतलं. पहिल्या दोनशे नगांचं कापड त्यांनी त्यांच्या जुन्या फर्म्यावरच कापलं. फर्मा म्हणजे पुठ्ठ्याचा साचा. लांब झाकणाचा.

"चाचा, सीलप्रमाणे नाही हे."

"सील कोन बगतंय? वर लाखेचा ठिपका बगतात. बेटा, त्या माणसानं चिखलात लोळून निवडला ना? मग?"

मी तो गठ्ठा तसाच शिलाईला जाऊ दिला. मला बरं वाटलं होतं. माझी चूक कोणीतरी परस्पर कापून काढत होतं.

तपासनीस आला तो तरुण होता आणि प्रामाणिक होता, हे आमचं दुर्दैव. त्यानं सील सॅम्पल पेटीतून काढलं, पट्टी काढली, आणि झाकणं मोजली. पहिलं, दहावं, पन्नासावं. "नमुन्यापेक्षा जास्त आहेत. सगळी." दोनशेच्या दोनशे नापास.

तो गेल्यावर सरांनी चाचांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज नेहमीसारखा मऊ. "चाचा, कोणी सांगितलं होतं जास्त कापायला?"

मी चाचांच्या शेजारी, हातभर अंतरावर होते. दार बंद होतं. या वेळी मी काचेच्या आतल्या बाजूला होते.

चाचांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माज्या हातनं झालं, साब. नजर कमी झालीय आता. फर्मा जुना उचलला."

"मी त्या नजरेचंच बघत होतो बरेच दिवस," सर म्हणाले. "घरी आराम करा आता."

निरोपसमारंभ झाला. केक होता. चाचांनी तो कापला, पण प्लास्टिकच्या सुरीनं. त्यांची कात्री ते कटिंगच्या फळीवरच विसरून गेले. निदान ते विसरले, असं मला तेव्हा वाटलं.

मग ते दोनशे पाऊच. नापास झालेला सैनिकी माल बाजारात जाऊ नये म्हणून तो कापून निकामी करायचा असतो आणि तसं प्रमाणपत्र द्यायचं असतं. प्रमाणपत्र इंग्रजीत असतं, म्हणजे ते काम माझं. सर म्हणाले, "तूच उभी राहून करून घे. नाहीतर वर्कर लोक घरी नेतात."

मी कोणाला सांगितलं नाही. गोदामात एकटीच बसून मी स्वतः कापले. माझ्या लहान कात्रीनं तो जाड पट्टा कापला जाईना, म्हणून फळीवरची चाचांची कात्री आणली. प्रत्येक झाकण मधोमध कापायचं, प्रत्येक पट्टा तोडायचा. इतकी घट्ट शिलाई होती की हात भरून यायचे. चांगलं काम कापायला किती जोर लागतो ते मला त्या दोन दिवसांत कळलं. उजव्या अंगठ्यावर फोड आले, ते फुटले. एकशे नव्याण्णव कापल्यावर मी थांबले. शेवटचा पर्समध्ये टाकला. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. प्रमाणपत्रात मी दोनशे लिहिलं.

पुढच्या रविवारी कात्री परत द्यायला उलव्याला गेले. चाचा तिथे मुलाकडे राहतात, नव्या इमारतीत, बाराव्या मजल्यावर. बाल्कनीत एक शिलाई मशीन होतं आणि त्यावर शाळेच्या दप्तराचा तुटलेला बंद लावून ठेवलेला होता.

"ये ये, इंग्लिश मॅडम. भाबीला सांगतो चहा टाकायला."

मी कात्री पुढे केली. त्यांनी ती उघडली, पात्याच्या धारेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग कानाजवळ नेऊन उघडझाप केली.

"ह्यानं काय कापलंस?"

मी उजवा अंगठा मुठीत लपवला.

"पट्टा कापलास. शिवलेला. दुमड्यासकट." त्यांनी कात्री मांडीवर ठेवली. "सगले?"

"एकशे नव्याण्णव."

"आनि येक?"

"ठेवलाय."

ते बाहेर बघत बसले. खाली रस्त्याचं काम चाललं होतं, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता. मी म्हणाले, "चाचा, तो नमुना चुकून गेला ना, तो टॅग..."

"तू बांदलास. म्हाईत हाय. टॅग दुसरं कोन बांदतं तितं?"

"मग तुम्ही सरांना का नाही सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? तोंड तुला नव्हतं?"

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. राग असता तर बरं झालं असतं. चहा आला. त्यांनी मला दोन बिस्किटं जास्त दिली आणि दप्तराचा बंद शिवायला घेतला. मी निघताना म्हणाले की उद्याच सरांना सगळं खरं सांगते. ते मशीन न थांबवता म्हणाले, "सांग. पन माज्यासाटी नको. मला काय परत यायचं नाय."

सोमवारी मी केबिनचं दार वाजवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, न बोलावता. उभ्या उभ्या सगळं सांगितलं: टॅगची अदलाबदल, काचेबाहेर उभं राहणं, चाचांनी माझी चूक अंगावर घेणं. या वेळी वाक्यं पूर्ण होत होती.

सरांनी शांतपणे ऐकलं. मग कपाटातल्या पेटीतून सील सॅम्पल काढलं. त्याला लागलेला टॅग माझ्यासमोर धरला. 'फायनल'. माझं गोल, शाळेतलं अक्षर.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, सायली."

"मग चाचांना..."

"त्यांचं वय झालंच होतं. कटिंगला आता मशीन येतंय. तुला काढलं असतं तर टेंडरचे कागद कोणी लिहिले असते?" त्यांनी टॅग खाली ठेवला. "बस. पाणी पी. मोठी माणसं सांभाळून घेतात, आपण लक्षात ठेवायचं."

मी पाणी प्यायले नाही. राजीनामा मात्र लगेच दिला नाही, हेही लिहायला हवं. पप्पांचा खांदा त्या वर्षी कामातून गेला होता आणि घर माझ्या पगारावर होतं. मी आणखी आठ महिने तिथे काम केलं. आखूड झाकणाचा सगळा माल तपासला. प्रत्येक पेटीवर माझी सही आहे. नमुन्याप्रमाणे, असं त्या सहीच्या वर छापलेलं असायचं, आणि ते खरं होतं.

त्यातली पहिली खेप पोचल्यावर काही दिवसांनीच जगतापांचा फोन आला. मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज होता.

"ताई, नमस्कार. वळखलं का? चिखलवाला."

"बोला ना, जगतापसाहेब."

"आवो, आपन पसंत केल्याला त्यो ह्यो न्हवं. ह्येचं झाकान तोकडं हाय. कडी भाईर डोकावती."

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतं, कारण ते माझे शब्द नव्हते. "सील झालेला नमुना तोच आहे, साहेब."



"आसं व्हय," ते म्हणाले. "बरं. आमी सायकलच्या ट्यूबचं कडं कापून वरनं चढवतो मंग. निघायला उशीर लागतो, पन कडी तरी झाकती." मग जरा अडखळून, मागायची सवय नसलेला माणूस मागतो तसं त्यांनी विचारलं, "त्ये लांब झाकानाचं धा-ईस कुटं पडल्यालं आसतील का? नापास झाल्यालं बी चालंल. धाडून द्या की."

मी म्हणाले, बघते.

तो एक पाऊच मी पोस्टानं पाठवला. चिठ्ठी जोडली नाही. काय लिहिणार होते? आठवड्यानं त्यांचा पुन्हा फोन आला.

"पावला बरं का, ताई. झ्याक हाय. जो फुडं चालतो त्येला देतो. मानूस रोज बदलतो, पाऊच त्योच." ते हसले. मग म्हणाले, "येकच हुता व्हय?"

माझ्या अंगठ्यावरची फोडांची जागा अजून गुलाबी होती.

"हो," मी म्हणाले. "एकच होता."